दोन्ही पाइप पांढरे

प्रिय पाना,

अनेक आशीर्वाद. आधी सगळ्यांची चौकशी, भांडण मागून. ताईचा गुडघा कसा आहे? दुखतो दुखतो म्हणत पुन्हा जमिनीवरच बसून भाजी निवडत असेल, तिला माझ्या नावाने दटाव. सूनबाईची कंबर दुखायची थांबली का? छोटीचा खोकला गेला का? आणि तू? तुझं मात्र खरं कळव. ‘बरं आहे मावशी’ हे ठेवणीतलं उत्तर मला नको. इकडे तुझ्या काकांची तब्येत ठणठणीत आहे. डोकं फिरलंय ते माझं, आणि ते लवकर ठिकाणावर येईल असं दिसत नाही.

तू हत्यारांची पिशवी खांद्याला लावून गेलास आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या वसाहतीच्या सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटला कुलूप लागलं. आता आंघोळीचं, धुण्याचं, संडासाचं सगळं पाणी सरळ गटारात. आणि संडासात सोडायला काय, तर प्यायचं पाणी! टँकर आला की खाली ही झुंबड उडते, एकमेकींच्या बादल्या ढकलतात, आणि तेच पाणी वर नेऊन बटण दाबलं की भसकन खाली. बाग तर बघवत नाही. तू लावलेल्या कडुनिंबाची पानं पार गळाली. वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई नाक मुरडून म्हणतात, शी, इतकी वर्षं आपण ते पाणी वापरत होतो! मी म्हटलं, अहो, त्याच पाण्यावर तुमच्या गॅलरीतले गुलाब फुलत होते, तेव्हा वास घेताना नाही आली शी? वरच्या गावाने नदीत सोडलेलं खालचं गाव पितं, त्याला कुणी नाव ठेवत नाही. आपण आपलं पाणी आपल्या डोळ्यांदेखत स्वच्छ करतो, तर ते मात्र घाण! तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नाहीत. तेवढीच शांतता.

मलाही आधी किळस वाटायचीच की. तूच मला हाताला धरून तळघरात नेलंस, आठवतं? हवा सोडून बुडबुडे काढणारी ती मोठी टाकी दाखवलीस. म्हणालास, मावशी, इथे जंतूंना नोकरीला ठेवलंय, पगार नाही, पण जेवण पोटभर. मग वाळूचे थर दाखवलेस आणि शेवटच्या टाकीतलं नितळ पाणी. शाळा माझी चौथीतच सुटली, पण त्या दिवशी जे कळलं ते पक्कं कळलं. हे पाणी बागेला आणि संडासाला, पोटात नाही. पांढरा पाइप प्यायचा, जांभळा वापरायचा, आणि प्यायच्या नळाला जांभळा कधी शिवायचा नाही. माझ्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं होतंस. लहानपणी खेळण्यांऐवजी नळाचा पाना घेऊन झोपणारा पोरगा तू, म्हणून तर तुझं नाव पाना. तुझ्याच हातून पाळणाघराच्या प्यायच्या नळाला जांभळा जोडला जावा आणि पोरं आजारी पडावीत, हे तेव्हाही माझ्या गळी उतरलं नाही.

पाळणाघरातली पोरं आता बरी आहेत, ही काळजी मनातून काढ. सगळ्यात धाकटा तर पुन्हा कठड्याशी उभा राहून मला टाटा करतो. पण त्यानंतरची ती सभा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. पाळणाघरवाल्या बाई रडत होत्या, त्यांचं मी समजू शकते. बाकीचे मात्र नुसते तोंडसुख घेत होते. झोपेत जोडतोस का रे नळ? डोळे गहाण टाकलेस का? तू मान खाली घालून उभा, आणि वसाहतीचे सचिव म्हणून खुर्चीत बसलेले तुझे काका चष्मा पुसतायत. पुसतायत आपले पुसतायत. मला वाटलं, भाच्यापायी लाज वाटते आहे बिचाऱ्यांना.

परवा बागेची नळी शोधायला मी तळघरात उतरले. बघते तर दोन्ही पाइप पांढरे! आधी वाटलं, माझीच नजर गेली. डोक्यातली पिन काढून खरवडलं, तर डावीकडच्या पाइपाच्या पोटातून जांभळा निघाला. तळपायाची आग मस्तकात गेली रे माझ्या. वॉचमनला हाक मारली. तो आधी इकडेतिकडे बघायला लागला, मग म्हणाला, काकू, बक्षीस द्यायला पाहुणे येणार होते ना प्लांट बघायला? साहेब म्हणाले, जांभळं काय ते, शोभा जाते, एकसारखं करून टाका. म्हणजे बघ, पाहुणे बघायला येणार पाण्याची व्यवस्था, आणि ती नीट दिसावी म्हणून तिची खूणच पुसून टाकली! वर तो म्हणाला, काकू, पोराने जोडायच्या आधी फोन लावला होता. टॉर्च मीच धरली होती. काका, यातला प्यायचा कोणता, असं त्याने विचारलं. साहेब म्हणाले, डावीकडचा, बिनधास्त जोड.

मी यांच्यापुढे ताट ठेवलं आणि सरळ विचारलं. आधी म्हणाले, गडबडीत तोंडातून निघून गेलं. मग म्हणाले, आता उकरून काय मिळणार? पोरगा समजूतदार आहे, त्याने स्वतःच फोन केला, की काका, सगळं माझ्याच नावावर घाला, तुमची खुर्ची जायला नको. असे कौतुकाने सांगत होते, जसा काही तू बक्षीसच मिळवलंस! मी ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं.

म्हणून हे पत्र. पाना, तुझा हा मोठेपणा मला नको. प्लांट कायमचा मोडायचा का, ते येत्या रविवारच्या सभेत ठरणार आहे. नळवाला चुकला असं तू म्हणालास, तर लोक म्हणतील, उद्या दुसरा चुकेल, मोडाच तो. खरं बाहेर आलं, तर औषध म्हणजे फक्त रंगाचा एक डबा. तू काकांची अब्रू झाकायला जातोयस, आणि त्यात स्वतःचं नाव आणि अख्ख्या वसाहतीचं पाणी घालवतोयस. मी यांना सांगितलंय, सभेत तुम्ही बोला, नाहीतर मी बोलेन. काल दुपारी तळघराची किल्ली खुंटीवर नव्हती, आणि चहा घेताना यांच्या नखांत खरवडलेल्या पांढऱ्या रंगाच्या खपल्या दिसल्या. मी साखर नेहमीएवढीच घातली. तू रविवारच्या आधी ये, मान वर करून ये, आणि येताना जांभळ्या रंगाचा डबा आण, इकडच्या दुकानात चांगला मिळत नाही. कुठल्या गाडीने निघतोस ते दोन ओळींत लगेच लिही, मी पोस्टमनची वाट बघत दारातच बसणार आहे.

तुझीच,
मावशी