दोन मजल्यांची तहान

चि. धाकट्यास,

मी तळमजल्यावर राहणारा तुझा सख्खा थोरला भाऊ, वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसायाने हिशेबतपासनीस. हे पत्र एकाच कारणासाठी लिहीत आहे : आज संध्याकाळी साडेपाचच्या आत तू खाली यावेस. आम्ही दोघे ठीक आहोत. तुम्हीही ठीक असाल; पावलांच्या आवाजावरून तसे वाटते.

विषय तिसऱ्याचा आहे. आईने आपल्या दोघांनंतर त्या कुत्र्याला हे नाव दिले, तेव्हा आपण दोघेही रुसलो होतो. तो रात्री वर झोपतो आणि दिवसा खाली असतो. ही वाटणी आपण केलेली नाही, त्याची त्यानेच केली. दोन मजल्यांमध्ये सध्या तेवढीच काय ती ये-जा आहे.

उन्हाळ्यात खाजवून त्याने अंग सोलवटून घेतले, तेव्हा मी त्याला बाजाराजवळच्या दवाखान्यात नेले. डॉक्टरीणबाईंनी स्टेरॉइडची गोळी दिली, रोज सकाळी एक. खाज गेली आणि तहान आली. भांडे भरावे आणि वळून पाहावे तो रिकामे. पुढे तो गालिच्यावर, उंबऱ्यात, माझ्या खुर्चीखाली लघवी करू लागला. म्हातारपणापर्यंत एकदाही न चुकलेला प्राणी. स्वतःच्याच थारोळ्यापाशी मान खाली घालून उभा राहायचा. गोळीने तहान वाढेल हे बाईंनी सांगितले होते. तरी मी माझ्या स्वभावाप्रमाणे विचार केला की जेवढे आत जाईल तेवढेच बाहेर येईल, आणि दुपारनंतर भांडे उचलून ठेवू लागलो.

मग तो वर येऊन तुमच्याकडे घटाघटा पीत असणार. तुझ्या बायकोने गॅलरीतून सगळ्या गल्लीला ऐकवले, "खाली मुक्या जनावराला पाणीसुद्धा देत नाहीत! पाण्याचंही ऑडिट चालू आहे वाटतं!" मी खिडकी लावून घेतली. दुर्दैवाने दोन्ही वाक्ये खरी होती.

तुम्ही त्याला हल्ली 'भोपळ्या' म्हणून हाक मारता, तेही ऐकू येते. पोट सुटले आहे खरे. पण ते खाण्याने सुटलेले नाही.

सोमवारी त्याचे रक्त तपासले. बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला. "एका गोळीवर एवढं होत नाही हो. घरात आणखी कोणी देतंय का?"

"औषधाचं सगळं मीच बघतो."

"म्हणजे दुसरं कोणी नाहीच?"

"नाही."

तुझी वहिनी शेजारी उभी होती. तिने पर्स फक्त या हातातून त्या हातात घेतली. बाईंनी दोन दिवसांनी पुन्हा यायला सांगितले. मी गेलो नाही. त्याऐवजी सोमवारपासूनच गोळी बंद केली. विष नको असेल तर ते थांबवावे, इतके साधे मला वाटले.

आज शुक्रवार. सकाळी तो जिना उतरून आला, पायपुसण्यावर थांबला, खोकला, आणि तोंडातून पावाचा ओला गोळा पडला. त्यात गोळी होती, कडेने विरघळलेली. आम्ही गोळी बटाट्यात देतो. मी माझ्याकडच्या गोळ्यांच्या पाकिटातली एक काढून शेजारी ठेवली. तोच रंग, मधली रेघही तीच. तुझ्या वहिनीने चपलांचे कपाट सरकवले, तर मागे आणखी तसेच गोळे, वाळलेले.

म्हणजे तूही त्याला कुठल्यातरी डॉक्टरकडे नेले होतेस. खाज तुलाही दिसली होती. कित्येक महिने तो वर एक आणि खाली एक अशा दोन गोळ्या गिळत होता. या आठवड्यात त्याची अन्नावरची वासना गेली. तुझी गोळी तो गालात धरून खाली आणून थुंकत होता, आणि माझी मी बंद केली होती. दोनवरून तो शून्यावर आला आणि आपल्यापैकी एकालाही कळले नाही.

मी फोन केला तेव्हा बाई माझ्यावर कडाडल्या. "बंद करायला मी सांगितलं होतं का? शरीर या गोळीवर टेकलेलं असतं, एकदम काढली तर कोसळेल तो! आत्ता एक द्या, सहाच्या आत इथे आणा, सलाइन लावू. वाचला तर गोळी हळूहळू उतरवायची. आणि एकाच हाताने, समजलं?"

गोळी दिली आहे. या वेळी पोटात राहिली. आता तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर हनुवटी टेकून पडला आहे. चढायला पाहतो, मागचे पाय साथ देत नाहीत. भांडे भरून त्याच्या तोंडाशी ठेवले आहे. ते आता मी उचलणार नाही. मी एकटा त्याला गाडीपर्यंत नेऊ शकतो, माझी कंबर तेवढी शाबूत आहे. ते कारण देऊन तुला बोलावत नाही.

मघाशी वर आलो होतो. बेलपर्यंत हात गेला, आणि मी परत फिरलो. म्हणून हे पत्र दाराखालून सरकवतो आहे.

आईच्या शेवटच्या आजारात संमतीच्या कागदांवर सही मी केली आणि तुला मागाहून कळवले. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तू एवढेच म्हणालास, "विचारायचं होतंस." मी म्हणालो, वेळ नव्हता. त्यानंतर आपण बोललेलो नाही.

फोन ठेवताना बाईंनी विचारले, "तो फार अशक्त आहे, काहीही होऊ शकतं. संमतीच्या कागदावर सही लागेल. मालक कोण?"

मी म्हणालो, भावाला विचारून सांगतो.

सहापर्यंत वेळ आहे.

तुझा,
दादा

तळमजला
शुक्रवार, ९ ऑक्टोबर, दुपार