नावाड्याच्या पेटीचं झाकण

३ जून

माझ्या हातचं — वस्तू टेकवायचे तीनशे बारा ठोकळे. एकशे चाळीस काचपेट्यांच्या चौकटी. अकरा हजार सहाशे नोंदी, मापं मिलिमीटरमध्ये. आणि आता हे जाळं : सात संग्रहालयं एका पडद्यावर, आणि वस्तू ज्यांची, त्यांना प्रत्येक वस्तूखाली लिहायला जागा. सगळं पुस्तकांवरून शिकलो. उद्घाटनाच्या पत्रिकेवर नावं कोणाची? संग्रहालयाच्या साहेबांची आणि संशोधन करणाऱ्या डॉक्टरांची. आयत्या पिठावर रेघोट्या!

७ जून

पत्रिकेवर नावाड्याच्या पेटीचा फोटो. डॉक्टरांचा तिच्यावर प्रबंध आहे. झाकणावरच्या चोवीस पाकळ्या म्हणे नावाड्यांची दोनशे वर्षांची सौंदर्यदृष्टी.

झाकण मी केलंय. सोळा वर्षांपूर्वी. मूळचं हरवलं होतं, पाकळ्या मनानेच कोरल्या. कार्डावर 'झाकण नवीन' लिहिलंही होतं. डॉक्टरांनी प्रबंधात उतरवून घेताना गाळलं. मी बोललो नाही. एवढा शिकलेला माणूस, पण पटाशीची ताजी खूण ओळखता येत नाही!

बायको म्हणते, "सोळा वर्षं स्वतःचं कौतुक चोरून ऐकताय."

११ जून

जाळ्यावर पेटीखाली एका म्हातारीने नातीकडून लिहून घेतलंय — पेटी माझ्या सासऱ्यांची. झाकण हे नव्हे. मूळचं दुसऱ्या संग्रहालयात पाट म्हणून ठेवलंय, तुमच्याच जाळ्यात दिसलं. "नाव चालवताना झाकणावर बसतात, बाबांनो. पाकळ्यांवर कोण बसेल? मी आहे तोवर दोन्ही एकत्र ठेवा."

डॉक्टर म्हणाले, पुरावा नाही, पुसून टाका. अडाणी बाई आहे. हे म्हणाले कोणाला? दहावी नापासाला.

१२ जून

त्या पाटाची मापं मागवली. ४१२ बाय २६८. पेटीचीही तीच. बिजागरीची भोकंसुद्धा जुळतात.

माझं झाकण दीड मिलिमीटर कमी आहे. आठ दिवस कोरत बसलो, पण यावर माणूस बसत असेल हे डोक्यात आलं नाही. अकलेचा कांदा मीही!

साहेबांना सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. म्हणाले, "अहो, तुमचंच काम गाजतंय ना? गाजू द्या की."

१४ जून

बाईंचा मजकूर आहे तिथेच आहे. खाली माझ्या नावाने लिहिलं : झाकण मी केलं, बाई म्हणतात ते खरं.

साहेबांनी देऊ केलं होतं — मजकूर पुसायचा, बदल्यात सातही संग्रहालयांचं जाळं माझ्या हाताखाली, नोकरी कायम. महिना पंचाऐंशी हजार. नको म्हटलं.