बेकरीवाल्याच्या बाजूनं

कुंभार पिंपळगाव,
१९ जानेवारी २०२५

प्रिय पायल वहिनी,

जय भीम. तू बरी आहेस आणि हसनाबादची थंडी तुला सोसते आहे, असं धरून चालते. इकडं आम्ही तिघं ठीक. आईचा गुडघा सकाळी कुरकुरतो, दुपारी चालतो. तूर काढून झाली म्हणून अण्णा दोन दिवस घरी बसले आणि तिसऱ्या दिवशी कंटाळून पुन्हा शेतात गेले.

पत्र बघून तू हसशील. मी काय करू? तुझा जुना नंबर लागत नाही. प्रेमच्या फोनवर केला की तुझा हा भाऊ म्हणतो, "ताई, ती कामात हाय, सांगतो तिला." इतकं कसलं काम असतं गं तुला? बुधवारी तो तुझी पेटी आणि राहिलेले कपडे न्यायला येणार आहे. हे पत्र मी तुझ्या हिरव्या स्वेटरच्या बाहीत घालून ठेवते. प्रेम काही कपड्यांच्या घड्या मोडणार नाही. तुझ्याच हातात पडेल.

लग्नसराई लागल्यामुळं फॉल-पिकोचं काम बिलकुल सरत नाही. मशीन मी मारते, पण फॉलची हातशिलाई तुझी होती. मी घातलेला टाका बघून परवा प्रभावतीकाकू म्हणाल्या, "संध्या, हा पायलचा हात न्हाई." मी म्हटलं, न्हाई.

मोबाईल अजून तसाच दोऱ्याच्या डब्याला टेकवून ठेवते. कोरियन सिरीयल हिंदीतच लावते, कारण सुई हातात असताना खालची अक्षरं कोण वाचणार? पण एकटीनं बघायला मजा येत नाही. हिरो छत्री घेऊन आला की मी "आला बघ!" म्हणते आणि मंग शेजारच्या रिकाम्या चटईकडं बघते. म्हणून आईला बसवलं. तिला सगळे सारखेच दिसतात. "हा मघा मेला न्हवता का?" असं प्रत्येकाबद्दल विचारते. हिरोईनवर तिचा राग आहे, ती दिवसभर लांब कोट घालून हिंडते आणि घरी येऊन नुसत्या शेवया खाते म्हणून. अण्णा पेपर वाचायचं नाटक करतात, पण एक दिवस पेपरामागून आवाज आला, "या लोकांच्या देशात शेती कोण करतं? एकाही भागात वावर दिसंना." मला इतकं हसू आलं! हे तुला सांगायचं म्हणून लक्षात ठेवलं होतं. असं लक्षात ठेवून ठेवून डोकं भरलंय.

आपली ती अर्धी राहिलेली सिरीयल मी पूर्ण केली. जिच्या नवऱ्याचा आत्मा शंभर दिवसांसाठी परत येतो आणि फक्त तिलाच दिसतो, ती. तू गेल्यावर मी ती लावली नव्हती. तू आल्यावर दोघी मिळून बघू, असं वाटत होतं. चार दिवसांसाठी माहेरी जाते म्हणालीस आणि दिवाळी होऊन गेली.

आपली भांडणं आठवतात का? तू त्या आत्म्याच्या बाजूची. "बिचारा एवढ्या लांबून आलाय तिच्यासाठी," म्हणायचीस. मी शेजारच्या बेकरीवाल्याच्या बाजूची. तो रोज सकाळी तिच्या दारात गरम पाव ठेवून जातो, तिच्या दुकानाचा नळ दुरुस्त करतो, बोलत काहीच नाही. मी म्हणायची, "वहिनी, जिता माणूस समोर उभा हाय आणि ही धुक्याशी बोलून राह्यली. आयुष्य कसं काढायचं तिनं?" तू सुई टोचत राहायचीस. एकदा म्हणालीस, "संध्या, तुला धुकं दिसतं, तिला तो दिसतो." चारचौघांत तू मला संध्याताई म्हणायचीस, फक्त त्या गच्चीवरच्या शिलाईच्या खोलीत नुसतं संध्या. दादा त्या उसाच्या ट्रॉलीला धडकून गेला, तेव्हापासून त्या खोलीत आपण त्याचं नाव कधी घेतलं नाही. कोरियातल्या माणसांबद्दलच बोलत राहिलो. आपल्याला दुसरं कुठं बोलता येत होतं?

तर शेवट सांगते. तो आत्मा जातो. जायच्या आधी बेकरीवाल्याच्या स्वप्नात येऊन तिला सांभाळ म्हणतो. तिची आई खुश, तिची मैत्रीण खुश, बेकरीवाला तर रडतोच. फुलं, पांढरा ड्रेस, संपलं. मला जे पाहिजे होतं तेच झालं. आणि वहिनी, मला तो शेवट बिलकुल आवडला नाही. आई म्हणाली, "चांगलं झालं की, रडती कशाला?"

मंग मी सिरीयलच्या खाली लोकांनी काय लिहिलंय ते वाचत बसले. सगळ्या जगाच्या बायका तिथं. कुणी लिहिलं होतं, असा नवरा कुठं मिळतो. कुणी लिहिलं होतं, आत्म्याचं काम करणारा नटच जास्त देखणा आहे. आणि त्यात एक मराठीत होतं. "सगळ्यांनी मिळून तिचं भलं केलं. तिला कुणी विचारलं का?" फोटोच्या जागी नुसता प होता.

मी खाली लिहिलं, "वहिनी?"

दुसऱ्या दिवशी बघितलं तर ते वाक्य तिथं नव्हतं.

आता ती तू नव्हतीस असंही असू शकतं. महाराष्ट्रात प नावाच्या पुष्कळ बायका असतील. पण तेव्हापासून मला चैन नाही, म्हणून खरं लिहिते. परतूरच्या स्थळाचं मला माहीत आहे. भोकरदनकडची ती सुरेखा इथं नांदते ना, ती ब्लाउज टाकायला आल्ती, तिनं सांगितलं. त्याची पहिली बायको आजारात वारली, लहान मुलगी आहे, स्वतःचं गॅरेज आहे, फेब्रुवारीत विहारात साधेपणानं लग्न करणार आहेत. मी तिच्या ब्लाउजचं माप घेत होते. माप दोनदा चुकलं.

घरात सांगायला मला धीर होईना. शेवटी जेवताना बोलून टाकलं. आई कितीतरी वेळ भाकरी मोडत बसली, खाल्ली नाही. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर तुला बोलेल. ती म्हणाली, "पितो का तो?"

"कोण?"

"परतूरचा. दारू पितो का? कुणी चौकशी केली का न्हाई तिच्या माहेरच्यांनी?"

अण्णा जेवून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा सदरा घालून निघाले. विचारलं तर म्हणाले, "कृषी केंद्रात काम हाय." संध्याकाळी परत आले ते तोंड धुऊन सरळ आईजवळ बसले. परतूरला जाऊन आल्ते, वहिनी. त्या माणसाच्या गॅरेजसमोर चहाच्या टपरीवर बसून राहिले, मंग गाडी बघायला आलोय म्हणून आत गेले. आपण कोण ते सांगितलं नाही.

"माणूस बरा हाय," अण्णा आईला म्हणाले. "बोलायला सरळ. पोरगी त्याच्या खांद्यावर झोपली होती, तरी एका हातानं पाना फिरवत होता. मला बसायला स्टूल दिला." मंग म्हणाले, "आपल्या सुमितपेक्षा उंच हाय."

घरात दादाचं नाव कितीतरी महिन्यांनी निघालं. आई उठून आत गेली. थोड्या वेळानं बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "पोरीला लळा लावावा लागंल पायलला. ती लावंल."

म्हणजे बघ, आईचं ठरलं. अण्णांचं ठरलं. तुझ्या माहेरचं तर आधीच ठरलंय. सगळे चांगले आहेत, सगळ्यांना तुझं भलं पाहिजे. मी मात्र तसल्या चांगल्यांत नाही. तू दुसऱ्याच्या घरी जाऊ नये असं मला वाटतं. तू परत यावंस, चटईवर बसावंस आणि आपण म्हाताऱ्या होईपर्यंत फॉल लावत दुसऱ्यांची लग्नं बघावीत, असं वाटतं. दादा गेला तेव्हा लोक आईला भेटायला यायचे, तुला भेटायला यायचे. बहिणीला कुणी भेटायला येत नाही. मला तूच भेटत होतीस. आणि तू गेलीस तेव्हा माझं काय गेलं, हे कुणाला कळलंच नाही, कारण नणंद-भावजयीचं एवढं असतं हे कुणाला माहीतच नसतं.

पण हे माझं आहे. तू ते मोजू नकोस. मी जे म्हणायची, जिता माणूस समोर उभा आहे, ते सिरीयलमधल्या नवऱ्याबद्दल म्हणायला सोपं होतं, दादाबद्दल नाही. तरी ते चूक होतं असंही नाही. माझं मत विचारशील तर मला खरंच सांगता येत नाही. तुझं मत पाहिजे.

म्हणून पुढच्या रविवारी मी हसनाबादला येते. अण्णांना सांगितलंय. ते जालन्यापर्यंत सोडायला येतो म्हणाले, मी नको म्हटलं. भोकरदनवरून पुढं जीप मिळते, तू सांगितलेलं आठवतं. तुझ्या आईला सांग, संध्या चहा प्यायला येते, दुसरं काही नाही. मंग आपण दोघी कुठं तरी बाहेर जाऊ. मळ्यात, नाहीतर विहाराच्या ओट्यावर, कुठंही. प्रेम नको, तुझी आई नको.

तिथं मी तुला एकदाच विचारीन. तुझं मन असेल तर तुझ्या लग्नाच्या साडीला फॉल मी लावीन. टाका वेडावाकडा येईल, चालवून घे. आई-अण्णा दोघं येतील, पुढं बसतील, मी त्यांना बसवीन. आणि मन नसेल, किंवा अजून काहीच कळत नसेल, तर तसं सांग. ते तुझ्या माहेरच्यांना सांगायचं काम माझं. मला भांडता येतं, तुला माहीतच आहे. परत इकडं यायचं असेल तरी ये, आणि इकडं न येता तिथंच राहून शिकायचं, काम करायचं असेल तरी मी आहे. माझ्यासाठी म्हणून काहीच करू नकोस, एवढंच.

उत्तर पाठवायची तुला सोय नाही, म्हणून उत्तर मागत नाही. पत्र वाचून फाडून टाकलंस तरी चालेल. रविवारी मी तिथं उतरेनच.

थंडी आहे, स्वेटर घालत जा.

लग्न कर किंवा नको करू, हे नातं माझ्याकडून सुटणार नाही,

तुझी नणंद
संध्या