हनीफ सिमेंट वर्क्स

७ फेब्रुवारी १९५५, सोमवार
आजपासून रोजनिशी. मराठीत लिहिणार. एक तर शाळा मराठीत झाली, दुसरं म्हणजे सिताराला मराठी वाचता येत नाही. बायकोला नवऱ्याचे सगळे विचार कळू नयेत, संसार टिकतो.
संकल्प: विडी बंद. पहाटे उठणे. माणसांवर ओरडायचं नाही. आणि पावसाळ्याच्या आत जुन्नरचं पहिलं सिमेंट.
अब्बांनी कुकडीच्या काठाला चुन्याची भट्टी घातली, मी ती बारा वर्षं चालवली. आता चुना कुणाला नको. सगळ्यांना सिमेंट पाहिजे, आणि ते परमिटशिवाय मिळत नाही. डिंगोऱ्याच्या ओढ्यावरचा बंधारा सिमेंटवाचून अडलाय, असं ओव्हरसियर साहेब सांगत होते. मी म्हणालो, मी करून देतो. ते हसले. सँपल पुण्याला पाठवा, पास झालं तर बघू म्हणाले. म्हणजे ऑर्डर जवळजवळ मिळालीच.

१० फेब्रुवारी, गुरुवार
सिमेंटचं पुस्तक वाचून संपवलं. म्हणजे चाळलं. प्रोसेस सोपी आहे. चुनखडी आणि चिकणमाती एकत्र दळायची, लाडू वळायचे, वितळायला येईतो भाजायचे, परत दळायचे. दळायला आपली बैलाची घाणी आहे. लाडू वळायला बायडाबाई, भाजायला तिचा नवरा चिमाजी. राहिला दगडी कोळसा. त्याचा अर्ज केलाय.
चिमाजी डिंगोऱ्याचा. अब्बांच्या वेळचा भट्टीवाला. अक्षरशत्रू, पण धुराचा रंग बघून आत काय शिजतंय ते सांगतो. भट्टीवर चढायच्या आधी एक लांब बांबू ठिकठिकाणी रोवून बघतो, मगच पाय टाकतो. प्रत्येक वेळी. अर्धा तास त्यातच जातो. नव्या उद्योगाला चपळ माणसं लागतात, पण जुना माणूस म्हणून ठेवलाय.
विडी: दोन. उद्यापासून बंद.

३ मार्च, गुरुवार
कोळशाचं परमिट नाही. तिसऱ्यांदा परमिटच्या ऑफिसात गेलो. तिथले साहेब रजेवर.
परत येताना भात सडायच्या गिरणीमागे तुसाचा डोंगर दिसला. एकदम डोकं चाललं. तूस जळतं. तूस फुकट आहे. सगळा मावळपट्टा भात पिकवतो, म्हणजे तूस कधी संपणार नाही. ज्या देशाकडे तूस आहे त्याला कोळसा कशाला? हे वाक्य चांगलं झालं. उद्घाटनाच्या भाषणात घालायचं.
गाडीवाल्या गेणभाऊला रोज चार खेपा सांगितल्या. चिमाजीला सांगितलं तर तो नुसता डोकं खाजवत बसला. त्याच्यावर ओरडलो. ओरडलो म्हणजे समजावून सांगितलं.

१९ मार्च, शनिवार
पहिली भट्टी उघडली. लाडू बाहेरून तांबूस, आत कच्चे. बोटानं भुगा होतो. वाऱ्यामुळे झालं.
चिमाजीचं म्हणणं, तुसाला तेवढा जोर नसतो, तुसाच्या आगीत चुना होतो, सिमेंट होत नाही. शिवाय तूस फसवं असतं. वरून जसंच्या तसं दिसतं आणि आतून जळून पोकळ होतं, कोळशावर माणूस उभा राहील, तुसावर राहणार नाही. म्हटलं, तुला पुस्तक वाचता येतं का? पुढच्या वेळी तूस दुप्पट घालायचं.

२९ मार्च, मंगळवार
राखेनं वात आणलाय. जिकडे तिकडे राख. गेणभाऊला नदीत टाक म्हणालो तर चिमाजी आडवा आला. त्यानं म्हणे ती चाळून ठेवलीय. पांढरी वेगळी, काळी वेगळी. पांढऱ्यात चुना घालून काहीतरी घोटलं आणि आपला चुना विरवायचा हौद फुटला होता ना, त्याच्या काठाला लिंपलं.
म्हटलं, चिमाजी, मला सिमेंट करायचंय, राखुंडी नाही. दात घासायला घरी घेऊन जा. बायडाबाईसुद्धा हसली. तो हसला नाही.
हौद गळायचा थांबलाय. पाण्यानं लाकूड फुगतं तसा दगडही फुगत असावा.

६ एप्रिल, बुधवार
मी लिहायला बसलो आणि चिमाजी आला. राखेचं सांगायचंय म्हणाला. म्हटलं सांग, लिहितोय. खरं तर मी बोर्डाचा मजकूर ठरवत होतो. तो समोर उकिडवा बसून एकेक बोट मोडत सांगतोय. मधेच थांबतो, माझ्या पेनाकडे बघतो, पेन चालू झालं की पुढे बोलतो. म्हणून मीही थांबलो नाही.
बोर्ड निळा. अक्षरं पिवळी. ‘हनीफ’ मोठं, ‘सिमेंट’ त्याहून मोठं, ‘वर्क्स’ एका बाजूला बारीक. ‘जुन्नर’ घालावं का? घालावं, पुढे मुंबईला शाखा निघाली तर घोटाळा नको. खाली ‘स्थापना १९५५’. कडेला वेलबुट्टी. नको, वेलबुट्टी चहाच्या दुकानाला असते.
तो उठला. आता कागदावर आलं, माझ्या जिवाला घोर न्हाई, म्हणाला. एवढ्याशा गोष्टीत खूश होतात ही माणसं.

२५ एप्रिल, सोमवार
रमजान सुरू. सगळे रोजे ठेवणार. विडी आपोआप बंद. (इफ्तारनंतर एक, ती धरत नाही.)
दुसरी भट्टी भरतोय. पहिलीच्या दुप्पट उंच. ओव्हरसियर साहेबांना निरोप दिला, १२ मे, सकाळी दहा वाजता, भट्टीवर या, डोळ्यांसमोर सिमेंट काढून दाखवतो. चिमाजी म्हणाला, एवढं तूस निवायला महिना लागंल. मी म्हणालो, बंधारा महिनाभर थांबणार नाही.

९ मे, सोमवार
भट्टी पेटून आठ दिवस झाले. वरून कशी गुळगुळीत, काळीभोर, ढेपेसारखी. सुंदर.
बोर्ड आला. चांगला सहा फुटी. टांगायला मजबूत काही सापडेना. चिमाजीचा बांबू सरळ आणि पिकलेला होता, तोच रस्त्याकडेला पुरून बोर्ड लावला. रस्त्यावरून जाणारी एस.टी. थांबल्यासारखी वाटली. संध्याकाळी चिमाजी बांबू शोधत होता. म्हटलं, वर बघ. त्यानं वर बघितलं, वाचता तर येत नाही, पण बराच वेळ बघत होता.
त्याला दुसरा बांबू आणून द्यायचा. उद्या.

१२ मे, गुरुवार, सकाळी ८
साहेबांसाठी खुर्ची आणली, टेबलावर सिताराची भरतकामाची चादर घातली. रोजा असल्यानं मला थोडी चक्कर आहे. साहेब आल्या आल्या हातात द्यायला मधला एक लाडू आधीच काढून ठेवावा. मधला सगळ्यांत चांगला भाजलेला असणार. चिमाजी आज नको म्हणतोय. त्याला सांगितलं, तीस वर्षं चढतोस आणि आजच पाय कापतात का?

दुपारी ३
किरकोळ अपघात झाला. चिमाजी वर गेला आणि मधोमध पापुद्रा फुटला. कमरेपर्यंत आत गेला. गेणभाऊनं दोर टाकून ओढला. मी ओरडलो, पाणी आणा, पाणी आणा. ते बरोबर होतं की नाही माहीत नाही. दवाखान्यातून लगेच ट्रकनं पुण्याला पाठवलाय, बायडाबाई बरोबर गेली.
साहेब आलेच नाहीत. जीप बिघडली असा निरोप आला. खुर्ची अजून तिथेच आहे.

१४ मे, शनिवार
पुण्याला जायचं होतं. रोज्यात एवढा प्रवास झेपत नाही. गेणभाऊ जाऊन आला. चिमाजी शुद्धीवर आहे, बोलतो, शेटला म्हणावं लाडू कच्चेच हायेत, असं म्हणाला. बघा, जीव कामातच आहे. बरा होणार.
विचार करून बघितला. बांबू बोर्डाला लावला होता हे खरं. पण दुसरा बांबू मागायला त्याला काय झालं होतं? नदीकाठी बांबूला तोटा आहे का?

१७ मे, मंगळवार
चिमाजी गेला. पहाटे.

२४ मे, मंगळवार. ईद.
शीरखुर्मा झाला नाही. सितारानं केलाच नाही. नमाजहून आलो तर घराला कुलूप. ती एकटी एस.टी.नं डिंगोऱ्याला बायडाबाईकडे गेली होती. आल्यावर म्हणाली, तुम्ही अजून गेला नाहीत, मला तोंड दाखवायला लाज वाटली. तिला सांगितलं, जाणार आहे, वर्क्सची घडी बसू दे. ती म्हणाली, रोज काय लिहिता एवढं? म्हटलं, कामाच्या नोंदी.
रोजे तेवीस झाले. १२ तारखेचा धरावा की नाही कळत नाही. त्या दुपारी पाणी प्यायलो होतो.

२ जून, गुरुवार
कोळशाचं परमिट आलं. एक वॅगन, तळेगाव स्टेशनवरून उचलायची.
तीन आठवडे थांबलो असतो तर. पण तीन आठवडे लागतील हे मला कुठे माहीत होतं? ऑफिसची चूक आहे. तरीही सारखं तेच डोक्यात येतंय.

१० जून, शुक्रवार
सँपल पाठवलं. फॉर्मवर नमुने दोन हवे असं लिहिलंय. दुसऱ्या भट्टीतून त्यातल्या त्यात बरे लाडू दळून एक वडी पाडली, ती नंबर एक. दुसरी वडी उचलताना फुटली. मग हौदाच्या काठाला चिमाजीनं लिंपलेला तुकडा छिन्नीनं काढला. फार कठीण गेला, दोन छिन्न्या बोथट झाल्या. त्याला नंबर दोनची चिठ्ठी लावली. शेवटी हौदही वर्क्सचाच आहे.
बोर्ड वाऱ्यानं वाकडा झालाय. बांबूला हात लावावासा वाटत नाही.

१९ ऑगस्ट, शुक्रवार
पुण्याचं पत्र आलं. तीनदा वाचलं.
नमुना एक: पाण्यात ठेवताच विरघळला. सिमेंट नव्हे. चुना म्हणूनही हलका.
नमुना दोन: पाण्यात दोन महिने राहून अधिक कठीण झाला. बंधाऱ्याच्या कामास योग्य वाटतो. कोणत्या पदार्थांपासून, कोणत्या प्रमाणात व कसा तयार केला ते सोबतच्या फॉर्मवर ताबडतोब कळवावे.
सिमेंट झालं होतं. मार्चमध्येच झालं होतं. कोळशाशिवाय, माझ्या भट्टीवर, माझ्या डोळ्यांसमोर, आणि त्याला मी राखुंडी म्हणालो. दुसरी भट्टी पेटवायचं कारणच नव्हतं.

२१ ऑगस्ट, रविवार
डिंगोऱ्याला गेलो. तीन महिन्यांनी. बायडाबाई खाचरातून आली, हातपाय धुतले, मला पाणी दिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ओढा तुडुंब वाहत होता. बंधारा नाही, सगळं पाणी खाली चाललेलं.
विचारलं, राख किती, चुना किती, किती दिवस घोटायचं, चिमाजीनं सांगितलं होतं का? ती म्हणाली, मी पांढरी राख चाळून द्यायचे, म्होरलं त्येंच्याच हाती व्हतं. मग माझ्याकडे बघत राहिली.
“पर त्येनी तर तुमास्नी समदं सांगितलं व्हतं, शेट. तुमी लिवून घेतलं न्हवं? घरी येऊन मला म्हनले, आज शेटनी माझं समदं लिवून घेतलं.”
मी म्हणालो, हो, वही घरी आहे.
तिनं विचारलं, येऊन ऐकलं तर चाललं का, त्येंचं बोलनं कानावर तरी पडंल. मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

२२ ऑगस्ट, सोमवार
सकाळी दहाच्या एस.टी.नं बायडाबाई आली. सिताराही घरातून आली. दोघी हौदाच्या काठावर बसल्या, जिथून मी तुकडा काढला त्याच्या बाजूला. बायडाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला.
मी सहा एप्रिलचं पान उघडलं. काहीतरी रचून वाचावं असं मनात होतं. आजवर रचतच आलो. पण रचायलासुद्धा त्यातलं थोडं माहीत असावं लागतं, आणि मला त्याचं एकही मोडलेलं बोट आठवेना. फार लाज वाटली. शेवटी जे आहे ते वाचलं. बोर्ड निळा. अक्षरं पिवळी. ‘हनीफ’ मोठं, ‘सिमेंट’ त्याहून मोठं.
बायडाबाई मान हलवत ऐकत होती. मी थांबलो.
“आन् म्होरं?” ती म्हणाली.
पुढे वेलबुट्टीचं होतं. तेही वाचलं.