पहिल्या गिअरचा रौप्यमहोत्सव

१२ एप्रिल १९७९
ठरलं. येत्या नऊ मेला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होतात. आंधळगावात आजवर कुणी लग्नाचा वाढदिवस केलेला नाही. इथं लग्न एकदा झालं की झालं, पुन्हा त्याची आठवण काढायची रीत नाही. मी काढणार. मोटारीनं, दोघंच, नवेगाव बांध या गावी जायचं. तळ्याकाठी डाक बंगला, वर चांदणं. दुसऱ्या दिवशी तिच्या माहेरी लाखांदूरला. सासूबाईंच्या दारात हॉर्न.
चंद्रकांताला अजून सांगितलेलं नाही. सरप्राइज आहे.
मोटार अजून नाही. पण ती बारीकसारीक बाब आहे.

१६ एप्रिल
मोटार मिळाली. इच्छाशक्ती म्हणतात ती हीच.
गावच्या जुन्या जमीनदारांचे, मालगुजारांचे चिरंजीव भैय्याजी माझ्या दुकानात लुंगीचं कापड घ्यायला आले होते. त्यांच्या वडिलांची विलायती स्पोर्ट्स कार गोठ्यात म्हशीशेजारी उभी आहे. लाल रंग, छत नाही, सीटा दोनच. देवानं माझ्यासाठीच बनवली असावी. मी विचारलं, दुरुस्त करून वापरू का? ते म्हणाले, घेऊनच जा, म्हशीला जागा होईल. मोठ्या घरची दानत वेगळीच.

१७ एप्रिल
कार घरी आणली. म्हणजे लोकांनी ढकलत आणली. मी स्टिअरिंगवर होतो. खरी मेहनत तिथंच असते.
डिकीत एक कोंबडी अंड्यांवर बसलेली निघाली. चंद्रकांतानं तिला हलवू दिलं नाही. मग तिनं गाडीभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, यात बाकीचे कुठं बसतील? मी सूचक हसलो. तिला वाटलं दाढ दुखते. लवंग आणून दिली.

२० एप्रिल
सरप्राइज सांगून टाकलं. हसून काम होईना.
ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, मायचे डोळे गेल्यात जमा आहेत, तीन उन्हाळे झाले मी माहेरी गेले नाही. एकदा तुमचं दुकानाचं रंगकाम, एकदा तुमचा मलेरिया, मागच्या साली तर काहीच नव्हतं तरी राहिलं. माय दर निरोपात विचारते, जवाई काहून येत नाहीत? लाखांदूरला आपल्या गावावरून थेट एसटी जाते. मी आधी चढते, बाजूच्या सीटवर थैली ठेवून तुमची जागा धरते, दोघं बसून जाऊ. पंचवीस वर्षांत तेवढंही झालेलं नाही.
मी प्रेमानं समजावलं की एसटीत रोमान्स नसतो. लोक कोंबड्या घेऊन चढतात. ती म्हणाली, कोंबडी तर तुमच्या गाडीतही आहे.
हा मुद्दा गैरलागू आहे.

२२ एप्रिल, रविवार
ईश्वर आला. माझा शाळासोबती, आता जवाहरनगरच्या फॅक्टरीत फिटर. त्यानं बॉनेट उघडलं, बराच वेळ आत पाहिलं आणि टोपी काढून ठेवली. मयताच्या घरी काढतात तशी. पण कामाला लागला. पैसे विचारले तर म्हणाला, दोस्तीत कसले पैसे.
ड्रायव्हिंगची चिंता नाही. मी मळणीच्या वेळी ट्रॅक्टर चालवलेला आहे. ट्रॅक्टर एका जागी उभा होता, पण इंजिन चालूच होतं.

२९ एप्रिल, रविवार
गाडी सुरू झाली! एवढा धूर, की शेजारच्या डोमाच्या बैलांनी दावं तोडलं आणि ते नदीवर सापडले. पहिला गिअर मस्त पडतो. दुसरा पडत नाही. ईश्वरच्या मते गिअरबॉक्स जाम आहे. माझ्या मते गाडी बुजलेली आहे. इतकी वर्षं म्हशीजवळ राहिल्यावर माणूसही बुजेल.

३० एप्रिल
सरपंच स्वतः घरी आले. परवा त्यांच्या भाच्याचं लग्न आहे. नवरदेवाची वरात उघड्या लाल गाडीतून निघाली तर गावाची शान राहील म्हणाले. गावाच्या शानीचा प्रश्न आल्यावर मी काय बोलणार. शिवाय ट्रायल होईल.

२ मे
ट्रायल यशस्वी. शाळेपासून मांडवापर्यंत पूर्ण वेळ पहिला गिअर. पुढं बँड, बाजूला नवरदेव, स्टिअरिंगवर मी. लोक नवरदेवापेक्षा माझ्याकडेच पाहत होते. रेडिएटर उकळला तेव्हा नवरदेवाच्या मामांनी सरबताचं पातेलं ओतलं. गाडीला लिंबाचा वास येतो. एकूण रोमँटिकच.
शेवटी मला नारळ आणि दुपट्टा दिला. घरी येऊन चंद्रकांताला दाखवला. तिनं तो भांडी झाकायला घेतला.

५ मे
आज कौशल्याबाईंच्या मुलाची वरात. विधवा बाई, नाही म्हणवेना. सोबत नारळ, दुपट्टा.
संकल्प: यापुढं एकही वरात नाही. गाडी फक्त चंद्रकांतासाठी. हे मी इथं लिहून ठेवतो म्हणजे मोडणार नाही.

६ मे, रविवार
ईश्वर आला. गाडीवर उगीच फडकं फिरवत राहिला. मग म्हणाला, धाकट्या भावाचं, सुखरामचं लग्न ठरलं. मुलगी आंधळगावचीच. मुहूर्त नऊ तारखेचा, गोरज.
माझ्या लक्षात यायला नको होतं का? आमचं लग्न ज्या हंगामात झालं, त्याच हंगामात साऱ्या दुनियेची लग्नं होतात.
काही मागितलं नाही त्यानं. फक्त हाताचं ऑइल पुसत उभा राहिला, आणि ते ऑइल माझ्या गाडीचं होतं. शेवटी मीच म्हटलं, घेऊन टाक ना यार, चारपासून तासभर.
चंद्रकांता दारात उभी होती. ती एरवी बाहेरच्या माणसासमोर बोलत नाही. आज बोलली. "दोन सीटा हायेत म्हणता. एकीवर तुमी, दुसरीवर रोज नवा नवरदेव. मंग मी कधी बसन?"
ईश्वर सायकल घेऊन निघून गेला. मी तिला नवा प्रोग्राम सांगितला. वरात चारला निघेल, पाचला मांडवात. साडेपाचला आपण रस्त्याला. फारच सुटसुटीत आहे. पहिल्या गिअरमध्ये नवेगाव किती तासांवर आहे, हे मी काढलेलं नाही. मन खच्ची करणारे हिशोब करू नयेत.

८ मे
तयारी पूर्ण. चंद्रकांतानं दशम्या केल्या, आंब्याचं लोणचं बांधलं. लग्नातली कोशाची रेशमी साडी पेटीतून काढून उन्हात घातली. माझा शर्टसुद्धा इस्त्री केला, तांब्यात निखारे घालून. तेव्हाच म्हणाली, सहाला शेवटची बस आहे. वरातीत अडकलात तर गाडी तिथंच ठेवा आणि बसवर या. बस सुटेपर्यंत मी जागा धरून ठेवीन.
मी म्हटलं, त्याची गरज पडणार नाही. बिचारीला माझ्या प्लॅनिंगचा अंदाज नाही.

९ मे
लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.
वरात चारला निघालीच नाही. सुखरामचे मामा जानोशावर, वऱ्हाडाच्या बिऱ्हाडीच, रुसून बसले, त्यांना चहा दुसऱ्यांदा विचारला नाही म्हणून. त्यांची समजूत पटेतो साडेपाच झाले. मग बँडवाल्यांनी चहा मागितला. सहाला आम्ही पाण्याच्या टाकीपाशी होतो. फॅक्टरीतून बसभर लोक आले होते आणि सगळ्यांनाच नाचता येत होतं.
तेवढ्यात मागं मोठा हॉर्न वाजला. बँडवाल्यांना तो ठेका आवडला. लोक त्याच्यावरही नाचू लागले. मी वळून पाहिलं. बसच्या कपाळावर पाटी होती, लाखांदूर.
रस्ता एकच, दोन्हीकडं आंब्याची झाडं, मध्ये माझी गाडी. माझ्या बायकोची बस मीच अडवून बसलो होतो. उतरावं असं वाटलं. खरंच वाटलं. पण क्लचवरून पाय काढला तर इंजिन बंद पडतं आणि तापलेलं पुन्हा सुरू होत नाही. बाजूला सुखराम मुंडावळ्या सावरत बसलेला. त्यानं विचारलं, काका, काही प्रॉब्लेम आहे का? मी म्हटलं, नाही.
कंडक्टरनं शिट्या मारमारून वाट काढली. बस हळूहळू माझ्या बाजूला आली. खिडकीत चंद्रकांता. कोशाची साडी, डोक्यात मोगरा. शेजारच्या सीटवर थैली. बस ठासून भरलेली, लोक दांड्याला लटकलेले, आणि ती एक सीट रिकामी. तिनं खाली माझ्याकडं पाहिलं.
"थोडी बाजूले घ्या जी," ती म्हणाली. "माही बस लेट होऊन राहिली."
रस्त्यावरच्या कुठल्याही गाडीवाल्याला म्हणावं, तसंच म्हणाली.
मी बाजूला घेतली. जरा जास्तच घेतली. दोन चाकं नालीत गेली. सुखराम मांडवापर्यंत चालत गेला. बस गेली.
मला वाईट वाटलं. हे लिहायला हरकत नाही, वाचणार कोण आहे.
नारळ, दुपट्टा.

१० मे
दुपारी लाखांदूरहून परतलेल्या बसच्या कंडक्टरनं दुकानासमोर गाडी हळू करून निरोप दिला: बाई सुखरूप पोचल्या. मी विचारलं, थैली? तो म्हणाला, बाईंनी भंडाऱ्यापर्यंत कोणाला बसू दिलं नाही, भांडल्या. मग एक म्हातारा चढला, त्याच्याकडं पाहून त्यांनी स्वतःच उचलली.
गाडी सकाळीच डोमाच्या बैलांनी नालीतून ओढून घरी आणली होती. संध्याकाळी तिच्यात जाऊन बसलो. मन रमवायला इंजिन सुरू करून गिअर हलवत होतो, तर दुसरा गिअर पडला! आनंदानं क्लच सोडला. तो रिव्हर्स निघाला. मोरी पडली. कोंबडी वाचली, पिल्लांसकट. सहा आहेत.
निर्णय: उद्या पहाटेच्या एसटीनं लाखांदूर. गाडी नाही, प्रोग्राम नाही, काही नाही. नुसता मी.

११ मे, लाखांदूर
उभ्यानं आलो. माझ्यासाठी कोणी जागा धरलेली नव्हती.
सासूबाई सत्यभामाबाई ओट्यावर बसल्या होत्या. माझा चेहरा हातानं चाचपला आणि विचारलं, जवाईबापू, गाडी नाही आणली? मी काही बोलायच्या आत चंद्रकांता आतून म्हणाली, "गाडी नाही आणली, म्हनून त आले, माय."
आणि हसली. खूप दिवसांनी. माझ्या पायांवर स्वतः पाणी ओतलं. आमरस वाढला, पुन्हा वाढला. माझ्या शेजारी, त्याच ओट्यावर बसली, माहेरच्या माणसांसमोर. म्हणाली, परवा दोघं मिळून परत जाऊ, मी आधी चढेन. मला वाटलं, रौप्यमहोत्सव म्हणतात तो हाच असावा. दोन दिवस उशिरानं, पण झाला.
मग शेतावरून तिचा भाऊ जागेश्वर आला. हात धुतले, पान दिलं, शेतीबद्दल थोडं बोलला. मग म्हणाला, भाऊजी, पोराचं लग्न पंचवीस तारखेला आहे. तुमच्या गाडीचं नाव इथवर आलं आहे. आपल्याच घरचं कार्य, तुम्ही नाही म्हणणार नाही.
सगळे माझ्याकडं पाहू लागले. सासूबाईंना दिसत नाही, त्याही पाहू लागल्या. चंद्रकांताही पाहत होती.
घरचं कार्य. पाहुणा माणूस. त्यांचा आमरस पोटात. मी काय करणार?
मी हो म्हटलं. पंचवीसपर्यंत दुसरा गिअर नक्की सापडेल.
चंद्रकांता माझं ताट उचलून आत गेली. जाता जाता म्हणाली, परवा मी एसटीनंच जाईन. तुम्हीही या, बस सरकारी आहे. थैली मी सीटवर नाही, मांडीवर घेईन.