सही काकींची, खुर्ची काकांची

शुक्रवार, १७ ऑक्टोबर २०२५, सकाळी दहा. बहारीनला, गुदैबियातल्या खोलीत, रूममेट बासितला चहाकडे बघायला सांगून लिहायला बसलो.

मी मयुरेश गणपत घवाळी, वय २९, एसी मेकॅनिक. सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. मी घाबरलो आहे, पण बुद्धी ठिकाणावर आहे. माझे काही बरेवाईट झाल्यास पुढीलप्रमाणे करावे.

१. गावचे घर मी माझ्या कमाईने बांधले. ते पत्नी भक्ती हिचे. बँकेतली शिल्लकही तिचीच. चुलते पांडुरंग घवाळी यांचा त्यात काडीचा हक्क नाही, मग ते पंचवीस वर्षे नगरपरिषद चालवत असोत.

२. भक्तीने काकांच्या सांगण्यावरून निवडणुकीला उभे राहू नये. मागे वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, तेव्हा काकांनी रखमाकाकींना निवडून आणले. घरी कागद पुढे सरकवून म्हणत, "कर सही, भात करपेल." गटार न बांधताच बिल निघाले. चौकशीत हेच काका म्हणाले, "नगरसेविका ती. मी नुसता नवरा." काकी अपात्र ठरल्या. बाजारात त्यांना गटारवाली म्हणतात. मला म्हणाल्या, "मयू, मी ते गटार बघितलंसुद्धा नाही रे." काका पुढच्या खेपेला पुन्हा निवडून आले.

आता वॉर्ड परत महिलांचा. काल काकांचा फोन आला. "भक्तीचा फोटो पाठव, बॅनरला हवा. डोक्यावर पदर घे म्हणावं." मी ऑपरेशनचे सांगितले. "होईल रे नीट. तुमच्याकडे इंशाल्ला म्हणतात ना? आणि नाहीच झालं, तर सहानुभूतीची मतं मिळतात."

हे वाक्य जसेच्या तसे लिहिले आहे. फोन स्पीकरवर होता.

३. टूलबॅग बासितची. त्यातले गॅसचा दाब मोजायचे गेज दोन पॉइंट जास्त दाखवते, हे ध्यानात ठेवावे. ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये असे वाचले, म्हणून बासितची सही घेतलेली नाही. तो रुसला आहे.

४. भक्तीला स्वतःच्या मनाने उभे राहायचे असेल तर जरूर राहावे. काकांच्या विरोधात राहिली तर उत्तम.

५. गावच्या घराच्या पुढच्या खोलीत काका बिनभाड्याने जनसंपर्क कार्यालय मांडून बसले आहेत. ते बाहेर काढावे. त्या खोलीत रखमाकाकींनी हयातभर राहावे. दाराला आतून नवीन कडी बसवावी. काका आले तर उघडायचे की नाही, हे काकी ठरवतील. त्यांना कोणी समजवायला जाऊ नये.

मयुरेश गणपत घवाळी
गुदैबिया, बहारीन

मयुरेशने आम्हा दोघांसमोर सही केली, आम्ही त्याच्यासमोर:
संतोष कांबळी, ड्रायव्हर, हमद टाउन
लीना साठे, अकाउंटंट, जनाबिया