बाळ अजून निजलंय

मिगेल आलेमान,
१० जानेवारी १९९७

चि. सौ. एलोदिया हीस,
ओरालियाचे अ. उ. आ.

हे पत्र आपल्या पाववाल्या चोलेच्या टोपलीतून सरहद्दीचा पूल ओलांडून येतंय, तेव्हा कागदावर साखर सांडली तर ती माझी माया समजू नकोस.

आमाचं पोटातलं दुखणं आता वाढतच जाणार, असं डॉक्टर म्हणाले. आपल्या आईची जीभ मात्र ठणठणीत आहे. नाताळच्या रात्री बाळ येशूच्या मूर्तीला पाळण्यात निजवलं आणि तिनं साऱ्या गल्लीसमोर जाहीर केलं की यंदा बाळाची माद्रिना, म्हणजे मानलेली आई, एलोदिया. दोन फेब्रुवारीला नवे कपडे घालून तीच त्याला उठवेल, बाकी कुणी बोट लावायचं नाही. झालं, सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी आपली शेंगदाणे वाटत राहिले.

एलोदिया कशी येणार, असं मी नंतर विचारलं, तर म्हणे, मधे एक नदीच तर आहे. हिला ती नदी अजून कपडे धुवायची जागा वाटते! तू ये असं मी लिहिणार नाही. येऊ नकोस असंही लिहवत नाही. निदान कपडे तरी शिव. बाळ तेच आहे, वीतभर.

मुलांना पापे. लोभ आहेच, तो धाकटीनं हक्कानं वापरावा.
तुझी,
ओरालिया

रोमा, टेक्सास,
२४ जानेवारी १९९७

ती. ओरालियाताईस,
सा. न. वि. वि.

कपडे पाठवतेय. लेस आमच्या मारिबेलनं पहिल्या कम्युनियनला देवळात घातलेल्या झग्याची आहे, आमाला आवडेल. मोजे विणताना आमच्या नवरोबानं, नेव्हेसनं, विचारलं, आपल्याकडे चौथं येणार की काय? मी तीच सुई टोचली त्याला.

आमाला एवढं सांग, की नदी जाताना आडवी येत नाही, परतताना येते. मागच्या खेपेला मी रामिरोला छातीशी बांधून टायरच्या ट्यूबवर बसले आणि मधल्या धारेत ती ट्यूब गरगर फिरली. त्याचं ओरडणं अजून कानांत आहे. माझ्याकडे कागद नाहीत, नवऱ्याकडे नाहीत. मुलं तेवढी इथं जन्मलेली. मी तिकडे अडकले तर त्यांच्या तोंडात घास कोण घालणार?

आणि वर तरी कुठं जाता येतंय? दीड तासावर तपासणी नाकं. मारिबेलची सहल सॅन अँटोनियोला गेली, सगळ्या आया गेल्या, मी म्हटलं मला बस लागते. खाली नदी, वर नाकं, मधल्या पट्ट्यात मी. इथं ना भिंत ना कुलूप, म्हणून कोंडलेय म्हटलं तर कुणाला खरं वाटत नाही. संध्याकाळी कड्यावर उभी राहिले की तुमच्या देवळाची घंटा ऐकू येते. घंटेवाला आळशी झालाय हो, सांग त्याला.

बाळाला तूच उठव, ताई. माझं नाव घेऊन उठव. माझ्यावर रागावलीस तरी पत्रं थांबवू नकोस.
तुझी,
एलोदिया

मिगेल आलेमान,
१६ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. एलोदिया हीस,
अ. उ. आ.

दोन तारखेला गल्ली जमली, तमाले झाले, चॉकलेट उकळलं. तुझे कपडे बाळाला निजल्या निजल्याच घातले. मी उठवायला वाकले, तर आमानं काठी माझ्या हातावर मारली. पाद्रीबाबांनी समजावलं की माद्रिनेच्या वतीनं बहिणीनं उठवलेलं चालतं. त्यावर म्हणे, तुला प्रार्थना मी शिकवल्या, तू मला शिकवू नकोस. बाबा निमूट तमाले खायला बसले.

बाळ उठेपर्यंत पाळणा काढता येत नाही, तेव्हा खोलीभर नाताळच्या देखाव्याचं वाळलेलं शेवाळ तसंच आहे. तेही चाललं असतं. पण आमा जेवत नाही. मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेलही लावून झालं, दोनदा वाटलं की गेली, आणि दोन्ही वेळा तिनं डोळे उघडून विचारलं, बाळ उठलं का? घरात बाळ निजलेलं असताना उठून कुठं जायचं, म्हणते.

मग मीच तोडगा काढला. तू येऊ शकत नाहीस, तर बाळ येईल. आमानं मान डोलावली. चोलेबरोबर पाठवतेय, निजलेलंच ने म्हणून बजावलंय. तू उठव आणि लगेच कळव.

मायेत खंड नाही, फक्त झोपेत आहे.
तुझी,
ओरालिया

रोमा,
२ मार्च १९९७

ती. ओरालियाताईस,
सा. न. वि. वि.

बाळ पोचलं. पुलावरच्या साहेबानं टोपलीत काय म्हणून विचारलं, तर चोले म्हणाली, बेथलेहेमचं पोर आहे, कागद नाहीत. साहेबाच्या छातीवर आपल्याच लोकांतलं नाव होतं, गार्सा. त्यानं टोपी काढली, बोटांचा पापा घेऊन बाळाच्या पायाला लावला आणि पुढे जा म्हणाला. आपल्या घरातलं एक जण तरी बिनकागदाचं उजळ माथ्यानं आलं!

शिवणयंत्राच्या टेबलावर निजवलंय. अजून उठवलं नाही. आधी रामिरोचा खोकला, मग नेव्हेसची दुहेरी पाळी. आणि आता उपासाचा महिना, त्यात गाणी नि चॉकलेट बरं दिसत नाही. ईस्टर होऊन जाऊ दे. आमाला सांग, छान निजलंय.

आठवण ठेव.
तुझी,
एलोदिया

मिगेल आलेमान,
१४ मार्च १९९७

एलोदिया,

खोकला, पाळी, उपास. आपण एका पलंगावर वाढलो, मला तू फसवणार? बाळ निजलंय तोवर आमा आहे, असं तुला वाटतं. खरंच आहे ते. ती आहे. पण कशी आहे, ते तुझ्या कड्यावर ऐकू येत नाही. कूस बदलताना ती ओरडते, म्हणून मी भर दुपारी खिडक्या लावून घेते. शेजारणींनी विचारणंही सोडलंय.

काल पुन्हा विचारलं तिनं. मी खोटं बोलणार होते. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि मलाच थोपटलं. म्हणाली, पोरीला घाई करू नका. एलोदिया, तुला नदीनं नि नाक्यानं कोंडलं, तिला तू कोंडलंयस. आणि तिच्या उशाशी मलाही.

रागावले नाही, दमलेय.
ओरालिया

रोमा,
१६ मार्च १९९७

ती. आमाच्या पायांवर डोकं ठेवून,
एलोदियाचा शि. सा. न.

ताई, हे तिच्या कानाशी मोठ्यानं वाच.

आमा, आज दुपारी बाळाला उठवलं. शेजारच्या बायका आल्या होत्या, त्यांच्यातल्या निम्म्या माझ्यासारख्याच अडकलेल्या. मारिबेलनं मेणबत्ती धरली. गाण्याच्या दुसऱ्याच ओळीला मी अडखळले, तेव्हा पहिल्यापासून पुन्हा म्हटलं, तुला अर्धवट चालत नाही म्हणून. सगळ्यांनी पापे घेतले. रामिरोनं त्याला शेंगदाणा भरवायला पाहिलं.

उशीर मी केला. मुद्दाम केला. मला तुझा हात धरता येत नव्हता, म्हणून मी ह्याला निजवून तुला धरून ठेवलं. तुला किती दुखत असेल ते कळत होतं, तरी धरलं.

आता नाही धरत. बाळ जागं आहे, माझ्या कडेवर आहे, त्याला मी खाली ठेवणार नाही. आता तू नीज, आमा.

तुझी,
एलोदिया